नंतर बघणे

सोमवार, ३ मार्च

रोजनिशी सुरू. मेल सर्व्हरवर कोणी काय केलं ते सगळं लॉगमध्ये राहतं. मी काय करतो ते कुठेच राहत नाही. आमची कंपनी डबे-बाटल्यांची झाकणं बनवते आणि झाकणवाल्यांचे मेल इकडून तिकडे नेण्याचं काम माझ्याकडे आहे. मेल पोचला तर कोणी आठवण काढत नाही. नाही पोचला की सगळ्यांना माझं एक्स्टेंशन तोंडपाठ.

आज मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये बराच वेळ उभा होतो. बस म्हणाले नाहीत. प्रकरण असं की सर्व्हरवर कोणीतरी चुकीच्या ओळीवर क्लिक केलं आणि मोठ्या साहेबांचा मेलबॉक्स उघडायची परवानगी स्टोअरकीपरला देऊन टाकली. स्टोअरकीपर सरळ माणूस. त्याला वाटलं, आपल्याला हे जास्तीचं काम दिलंय. दोन आठवडे तो रोज सकाळी मोठ्या साहेबांचे मेल वाचत होता आणि जमेल तशी उत्तरं देत होता. तीन जणांच्या रजा मंजूर केल्या. एका जुन्या गिऱ्हाइकाला कळवलं की तुमची तक्रार रास्त आहे, पण इथे कोणी ऐकत नाही.

लॉगमध्ये बदल करणाऱ्याच्या जागी माझं नाव आहे. वेळ दुपारची, जेवणानंतरची. लॉगवर किती विश्वास ठेवावा हाही एक प्रश्नच आहे.

मोठे साहेब म्हणाले, यापुढे सर्व्हरवर कोणीही, कसलाही बदल केला की ताबडतोब मेल आला पाहिजे. मी म्हटलं, अर्ध्या दिवसाचं काम. आमचे साहेब, म्हणजे कॉम्प्युटर विभागाचे, माझ्याकडे नुसते बघत राहिले. कौतुकाने असावं.

मंगळवार, ४ मार्च

काल एक गोष्ट लिहायची राहिली. आमचे साहेब महिनाअखेर दुसऱ्या शाखेत जाणार. त्यांची केबिन रिकामी होणार. खिडकी, दार, दाराला आतून कडी. माझं टेबल फोटोकॉपी मशीन आणि बाथरूमचं दार यांच्या मधोमध. जाणारा येणारा प्रत्येक जण माझ्या स्क्रीनमध्ये डोकावून जातो. केबिन कोणाला हे या अलर्टवर ठरणार. तसं कोणी बोललेलं नाही, पण मला कळतं.

दुसरा आहे कोण? हुंकार?

हुंकार माझा शेजारी. काहीही विचारा, हूं म्हणतो, म्हणून सगळे हुंकार म्हणतात. सर्व्हर बंद पडला, हूं. चालू झाला, हूं. इतक्या वर्षांत त्याचं एक पूर्ण वाक्य मला आठवत नाही. असा माणूस विभाग कसा चालवणार?

अलर्टचं काम आज सुरू करणार होतो. पाठ दुखत होती.

बुधवार, ५ मार्च

घरी सांगून टाकलं की पहिल्या तारखेपासून मी विभागप्रमुख. ही म्हणाली, ऑर्डर आली का? म्हटलं, ऑर्डर काय, येईलच. हिने कुंडीतल्या वेलाची एक फांदी तोडून काचेच्या बरणीत पाण्यात ठेवली. मुळं धरली की केबिनमध्ये न्या म्हणाली, खिडकी आहे ना. बरणी दारापाशी चपलांच्या कपाटावर ठेवली, म्हणजे मी निघताना विसरायला नको.

सासरेबुवांचा फोन. हिने त्यांनाही सांगितलं होतं. म्हणाले, अरे वा, उशिरा का होईना. हे उशिरा का होईना मला फारसं आवडलं नाही.

शुक्रवार, ७ मार्च

काम सुरू. युक्ती सोपी आहे. एक छोटी स्क्रिप्ट दर मिनिटाला लॉग तपासते. कोणी पासवर्ड बदलला, कोणाला परवानगी दिली, कोणाची काढली, असं काही दिसलं की यादीतल्या लोकांना मेल. झालं.

मेलच्या मजकुरावर मात्र मेहनत घेतली. वर ठळक अक्षरात काय बदललं, खाली कोणी बदललं. लोक घाबरून मला फोन करतील म्हणून सगळ्यात खाली एक ओळ घातली: ‘हा मेल केवळ आपल्या माहितीसाठी आहे. आपण काही करण्याची गरज नाही.’ दुपारभर ही एक ओळ घासूनपुसून घेतली. भाषा हे माझं मूळ क्षेत्र होतं, पण असो.

शनिवार, ८ मार्च

अर्धा दिवस. अलर्ट कंपनीबाहेरच्या पत्त्यावर पोचतो का हे बघायला हवं होतं, म्हणून यादीत हिचा पत्ता टाकला आणि चाचणी मेल सोडला. हिला फोन केला. ही एका डॉक्टरांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. म्हणाली, आला. म्हटलं, काय लिहिलंय? तिने सगळा वाचून दाखवला. शेवटची ओळ फार छान आहे म्हणाली.

एवढ्या वर्षांत माझं ऑफिसचं काम हिला पहिल्यांदाच दिसलं. बरं वाटलं.

मंगळवार, ११ मार्च

काल काही केलं नाही. आजही. कधी कधी काम मुरू द्यावं लागतं.

हुंकारने माझी स्क्रिप्ट वाचली. एका ओळीवर बोट ठेवून बराच वेळ थांबला. मी म्हटलं, ती ओळ स्क्रिप्टने शेवटचं काम कधी केलं ते सर्व्हरवर लिहून ठेवते, म्हणजे पुरावा राहतो. तो म्हणाला, हूं. पण बोट काढेना. शेवटी मीच सांगितलं, बोट काढ, स्क्रीनवर डाग पडतात.

बुधवार, १२ मार्च

उद्या उद्घाटन. पहिला अलर्ट यादीतल्या चार-पाच जणांना जाऊन काय उपयोग? कोणाला पत्ता लागणार? पहिला अलर्ट ‘सर्व कर्मचारी’ या ग्रुपला जाणार. सगळ्यांनी बघावं. नंतर ग्रुप काढून टाकीन. साहेबांना सांगितलेलं नाही. काही गोष्टी करून दाखवायच्या असतात.

गुरुवार, १३ मार्च. सकाळी ११

सुरू केलं. पहिला अलर्ट सगळ्यांना गेला. अकाउंट्सच्या बाई जागेवरून उठून म्हणाल्या, काहीतरी आलंय हो! मी नुसती मान हलवली.

११.१०

आणखी काही अलर्ट आले. सर्व्हर बऱ्यापैकी सक्रिय दिसतो.

११.४०

स्क्रिप्ट दर मिनिटाला आपली वेळ सर्व्हरवर लिहिते. वेळ लिहिली हा सर्व्हरवरचा बदल. बदल झाला की अलर्ट. म्हणजे स्क्रिप्ट स्वतःच्याच कामाचे अलर्ट सगळ्या कंपनीला पाठवत बसली आहे. शिवाय अलर्ट पोचला, की पोचल्याची नोंद. तोही बदल. तांत्रिकदृष्ट्या हे यशच आहे. एकही बदल सुटलेला नाही.

१२.३०

थांबत नाही. थांबवायला गेलो तर त्याचेही अलर्ट.

दुपारी ३

हुंकार उठला, सर्व्हर रूममध्ये गेला, परत आला. मेल थांबले. काय केलंस विचारलं तर खांदे उडवले. बहुतेक नशीब.

रात्री

बाहेरून यायचे मेल दुपारपर्यंत तुंबून राहिले. एक मोठी ऑर्डर कुठेतरी लटकली होती म्हणे, ती संध्याकाळी आली. आली ना, मग झालं.

घरी आलो तर ही वैतागलेली. दवाखान्यात पेशंटसमोर हिचा फोन सकाळपासून टिंगटिंग करत होता. डॉक्टर दोनदा केबिनबाहेर डोकावून गेले. मी समजूत काढली. म्हटलं, तुझ्या एकटीला नाही, आज सगळ्यांनाच आले. मुलीने आईच्या फोनचा आवाज बंद करून दिला.

शुक्रवार, १४ मार्च

मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये. आज बस म्हणाले. हे जास्त वाईट असतं.

मी समजावून सांगितलं की सिस्टीमची ताकद तपासायची तर ताण द्यावाच लागतो. आमचे साहेब म्हणाले, अहो, ताण सिस्टीमला द्यायचा असतो, आम्हाला नाही. मोठे साहेब एकेक मेल उडवत होते. त्यांच्या मेलबॉक्समध्ये अजून तेच होतं. स्क्रीन माझ्याकडे वळलेली होती, त्यामुळे दिसत होतं.

दुपारी यादी नीट केली. ‘सर्व कर्मचारी’ ग्रुप काढला. ती वेळ लिहिणारी ओळ काढली. हुंकार बघत होता. मी म्हटलं, या ओळीत मला आधीपासूनच काहीतरी खटकत होतं. म्हणाला, हूं.

सोमवार, १७ मार्च

आता सगळं व्यवस्थित. खरा बदल झाला तरच अलर्ट. पण खरे बदलही किती! ट्रान्सपोर्टचा माणूस रोज सकाळी पासवर्ड विसरतो. पॅकिंगची बाई दर दोन दिवसांनी. दिवसभर स्क्रीनच्या कोपऱ्यात चौकोन उगवतो आणि मावळतो. डोकं उठतं.

विचार केला, मला अलर्टची गरज काय? सर्व्हरवर बदल करणारा मीच. मी केलेलं मलाच कशाला कळवायचं? ज्याने सापळा लावला त्यानेच त्यात पाय का घालावा? एक रूल बनवला: अलर्ट आला की परस्पर एका फोल्डरमध्ये जावा, वाचलेला म्हणून. फोल्डरचं नाव दिलं ‘नंतर बघणे’. दुपारनंतर स्क्रीन एकदम स्वच्छ. कितीतरी दिवसांनी जेवणानंतर पाच मिनिटं शांत बसलो.

संकल्प: फोल्डर रोज संध्याकाळी बघायचा.

मंगळवार, १८ मार्च

फोल्डर बघितला नाही. दमलो होतो. दुपारी साहेब आणि हुंकार केबिनमध्ये दार लावून बसले होते. बहुधा जाण्याआधीची आवराआवर. हुंकारला खोकी उचलायला ठेवलं असेल.

बुधवार, १९ मार्च

आज लोक विलक्षण चांगले वागले. अकाउंट्सच्या बाईंनी स्वतः चहा आणून दिला. साहेब जिन्यात भेटले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तुम्ही हे फार शांतपणे घेतलंत, मला वाटलं नव्हतं. म्हटलं, माझा स्वभावच तसा. म्हणाले, मी स्वतः बोलणारच होतो, पण मेल आलाच असेल तुम्हाला. म्हटलं, सगळे मेल येतात मला. त्या परवाच्या गोंधळाबद्दल ते बोलत होते. मोठ्या मनाने मिटवून टाकलं मी.

हुंकार टेबलाशी येऊन उभा राहिला. चक्क बोलायला लागला. तुम्हाला ते, म्हणजे काल जे, असं काहीतरी. माफी मागत असावा, सर्व्हर रूममध्ये मला न विचारता गेला म्हणून. मी त्याला अवघडू दिलं नाही. म्हटलं, मला सगळं माहीत आहे, विषय संपला. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला.

माणसं जोडावी ती अशी.

गुरुवार, २० मार्च

घरी ही गप्प गप्प. बरं नाही का विचारलं तर म्हणाली, मला काय होतंय, तुम्हीच सांगा. काय सांगणार? म्हटलं, सगळं उत्तम. माझ्याकडे बघत राहिली आणि मग दोनदा वाढलं.

शुक्रवार, २१ मार्च

हिला सांगितलं, तो निळा शर्ट कडक इस्त्रीचा करून ठेव, पहिल्या तारखेला केबिनमध्ये घालायला. हिच्या हातातून डाव खाली पडला. मग म्हणाली, करते हं.

जेवताना मध्येच म्हणाली, तुमचा तो ट्रान्सपोर्टवाला पासवर्ड फारच विसरतो हो. मी घरात ऑफिसचं इतकं बोलत असेन असं वाटलं नव्हतं. संकल्प: ऑफिस घरी आणायचं नाही.

सोमवार, २४ मार्च

सर्व्हरचं कन्सोल, म्हणजे पासवर्ड-परवानग्या बदलायचं पान, उघडायला गेलो तर लिहून येतं, ‘आपल्याला या पानाची परवानगी नाही.’ या नव्या अपडेटने सगळ्याचं वाटोळं केलंय. तीन वेळा केलं, तेच. पॅकिंगच्या बाईचा पासवर्ड खोळंबला होता, म्हणून हुंकारला सांगितलं, तू करून टाक. त्याने मिनिटात केला. त्याच्या मशीनवर अपडेट आलेलं दिसत नाही.

मग लक्षात आलं की हेच बरोबर आहे. विभागप्रमुखाने स्वतः पासवर्ड बदलत बसायचं नसतं. कामं वाटून द्यायची. दिवसभर जे आलं ते हुंकारकडे सरकवलं. तो निमूट करत होता. नेतृत्व अंगात असावं लागतं.

मंगळवार, २५ मार्च

सासरेबुवांचा फोन नाही. दर मंगळवारी केबिनचं विचारतात. हिला म्हटलं, तुझे बाबा विसरले वाटतं. म्हणाली, मीच सांगितलंय त्यांना, सध्या नको करू म्हणून, तुम्ही दमलेले असता. खरंच दमलेला असतो. पण माणसाने विचारावं तरी.

गुरुवार, २७ मार्च

सकाळी निघताना बघतो तर चपलांच्या कपाटावर बरणी नाही. हिने वेल घरातच कुंडीत लावला, स्वयंपाकघराच्या खिडकीत. मी जरा चिडलो. म्हटलं, चार दिवसांवर आलंय आणि आता? म्हणाली, अहो, इथे ऊन बरं आहे त्याला. तिथे काचेआड कोमेजला असता. बायकांचं हे असं असतं, एक धड ठरवत नाहीत.

केबिन दाराच्या फटीतून बघून आलो. खिडकीत वेलाला भरपूर जागा आहे. वेगळा आणावा लागणार.

शुक्रवार, २८ मार्च

सोमवारी निरोप समारंभ. मी चार शब्द बोलायची तयारी केली आहे. आरशासमोर म्हटले. ‘ही जबाबदारी मी नम्रपणे स्वीकारतो’ इथे आवाज थोडा चिरकतो. ही दारात उभी होती. म्हणाली, भाषण करायलाच हवं का? म्हटलं, लोक अपेक्षा करतात. ती आत गेली आणि बराच वेळ नळ सुरू होता.

सोमवार, ३१ मार्च. सकाळी १०

मेलबॉक्स भरला. नवीन मेल घेत नाही. नेमकी आजच माझी बढतीची ऑर्डर यायची. जागा करायला हवी. हे सगळं त्या ‘नंतर बघणे’मुळे. उघडून एकदम उडवून टाकतो.

१०.२०

उडवण्याआधी एक नजर टाकली. पासवर्ड, पासवर्ड, पासवर्ड. ट्रान्सपोर्टवाला. पॅकिंग. ट्रान्सपोर्टवाला.

मग अठरा तारखेचा एक. मजकूर माझाच, वर ठळक अक्षरात. सर्व्हरच्या प्रशासक गटातून काढले: माझं नाव. गटाचे प्रमुख म्हणून नेमले: हुंकारचं खरं नाव. आधी ओळखलंच नाही मी ते. बदल करणारे: आमचे साहेब. आणि खाली, ‘हा मेल केवळ आपल्या माहितीसाठी आहे. आपण काही करण्याची गरज नाही.’

ही ओळ घासायला मी एक दुपार घालवली होती.

१०.४५

फोटोकॉपी मशीनवर कोणीतरी काहीतरी काढतंय. फार आवाज करतं हे मशीन.

चहा, खांद्यावर हात, तू करून टाक, विषय संपला. सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना वाटलं, मलाही माहीत आहे. मेल मीच पाठवत होतो ना.

१०.५०

कोणाकोणाला गेला ते बघायला तो मेल पुन्हा उघडला. मोठे साहेब. साहेब. हुंकार. अकाउंट्सच्या बाई. मी. आणि शेवटी आणखी एक पत्ता. चाचणीसाठी टाकला होता. काढायचा राहिला.

हिचा.

दुपारी ४

समारंभ झाला. भाषण केलं नाही. मला चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हटलं, साहेबांना शुभेच्छा. बसलो. स्टोअरकीपरने जोरात टाळ्या वाजवल्या.

नंतर हुंकार टेबलाशी आला. केबिनची किल्ली त्याच्या मुठीत होती, दिसू नये अशी धरलेली. म्हणाला, तुम्हाला खरंच माहीत होतं ना? की मीच धरून चाललो? मी आधी नीट सांगायला हवं होतं. इतकी सलग वाक्यं. आवाज चांगला आहे त्याचा.

मी म्हटलं, हूं.

संध्याकाळी, घरी

स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. ही पोळ्या लाटत होती. म्हटलं, तुला कधीपासून माहीत होतं? लाटणं थांबलं. म्हणाली, त्या मंगळवारीच. दवाखान्यात गर्दी नव्हती, मेल वाचला. आधी वाटलं, तुम्हाला बोलायचं नसेल, म्हणून मीही गप्प बसले. मग तुम्ही शर्टाला इस्त्री करायला सांगितलीत तेव्हा कळलं की तुम्हाला माहीतच नाही. मग कुठल्या तोंडाने सांगणार होते मी?

निळा शर्ट खुर्चीच्या पाठीवर होता. इस्त्री खरंच कडक होती. मला एकदम रडू आलं, आणि ते थांबेपर्यंत ही पोळी उलटायची विसरली.

नंतर म्हटलं, उद्या हुंकारला सांगतो तुझा पत्ता यादीतून काढायला. कंपनीच्या नियमात ते बसत नाही. माझ्या हातात आता ते राहिलेलं नाही, पण सांगतो.

ही म्हणाली, घाई काय आहे? राहू दे की थोडे दिवस. तुमचं काय चाललंय ते मला त्यातूनच कळतं.